पोटदुखी आणि पित्ताशयातले खडे : या चुका टाळा

वरच्या पोटात दुखलं की ॲसिडिटीच धरायची आणि महिनोन्महिने सकाळी उपाशीपोटी गोळी चालू ठेवायची, ही सगळ्यात कॉमन चूक. खड्याचं दुखणं नीट विचारलं तर बऱ्यापैकी ओळखू येतं. उजव्या बरगडीखाली किंवा मधोमध, पुष्कळदा तेलकट-तुपकट जेवणानंतर, रात्रीचं, आणि एकदा धरलं की अर्धा तास ते काही तास एकसारखं दुखत राहतं, पाठीत उजव्या खांद्याकडे जातं, ढेकर देऊन, इनो पिऊन, कुशी बदलून काहीच फरक पडत नाही, मग आपोआप ओसरतं आणि माणूस विसरून जातो. पेशंट पन्नाशीच्या पुढचा असेल, शुगर असेल, दरदरून घाम आला असेल तर मात्र खड्याचा विचार नंतर, आधी ईसीजी काढा, कारण हार्ट अटॅक कधीकधी पोटातच दुखून येतो.

उलटी चूकही तितकीच होते. सोनोग्राफीत खडा दिसला की गॅस, पोट फुगणं, करपट ढेकर सगळ्याचं खापर त्याच्यावर! खडे असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत ते सापडतात, आणि अशांना सहसा ऑपरेशन लागत नाही. ज्याचं दुखणं वर लिहिलंय तसं नाहीये त्याचं ऑपरेशन केलं तर खडा जाईल पण तक्रार राहील. म्हणून रिपोर्टच्या आधी पेशंटचं ऐका.

हाताने तपासणं तर हल्ली सुटतंच चाललंय. उजव्या बरगडीखाली बोटं दाबून ठेवायची आणि मोठा श्वास घ्या म्हणायचं, पित्ताशयाला सूज असेल तर श्वास अर्ध्यातच अडकतो, चेहऱ्यावर लगेच कळतं. याला मर्फी साइन म्हणतात, खर्च शून्य.

सोनोग्राफीला 6 ते 8 तास उपाशी जा. खाल्लं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि आतलं नीट दिसत नाही. सीटी स्कॅन महाग म्हणून जास्त चांगला असंही नाही, कोलेस्टेरॉलचे खडे त्यात बऱ्याचदा दिसतच नाहीत. पण सोनोग्राफीचीही एक मर्यादा आहे, पित्ताच्या पिशवीतला, म्हणजे पित्ताशयातला खडा ती छान पकडते, पित्ताच्या नळीत उतरलेला मात्र हुकू शकतो. त्यामुळे रक्तात बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज (नळी तुंबली की हे वाढतात) वाढलंय का, नळी फुगलीय का हे बघायचं, शंका असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळीचा एमआरआय करायचा. लायपेज ही स्वादुपिंडाची रक्ततपासणी पण सोबतच करून घ्या, नळीत घसरलेल्या छोट्या खड्याने स्वादुपिंडाला सूज येते आणि ती जीवावर बेतू शकते.

आता घरगुती उपाय. कुळथाचं पाणी, पानफुटी, बिअर हे सगळं लोक मुतखड्यासाठी करतात आणि तेच इथेही सुरू करतात, पण पित्ताशयातला खडा लघवीवाटे येऊच शकत नाही, तो रस्ताच वेगळा आहे. ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू पिऊन शौचातून पडणारे हिरवे गोळे हे त्या तेलाचाच साबण झालेला असतो. खडा विरघळवणाऱ्या अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या खऱ्या आहेत, पण फक्त छोट्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर खडे बऱ्याच जणांना परत होतात.

"फक्त खडे काढा, पिशवी राहू द्या" असं नातेवाईक हमखास म्हणतात. खडे त्या पिशवीतच बनतात, म्हणून पिशवीच काढतात. पित्त लिव्हर बनवतं आणि ते नंतरही बनत राहतं, काहींना थोडे दिवस पातळ शौचाला होतं एवढंच. दुर्बिणीतून हे ऑपरेशन भारतात पहिल्यांदा 1990 मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलात डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी केलं, आज ते जिल्ह्याच्या गावीही होतं, त्यामुळे परत परत दुखत असूनही पोट फाडतील या भीतीने टाळू नका. सूज आली असेल तर अँटिबायोटिक देऊन दोन महिने थांबण्यापेक्षा, पेशंट फिट असेल तर त्याच ॲडमिशनमध्ये, आठवड्याच्या आत केलेलं बरं.

दुखणं 6 तासांवर गेलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर घरी वेदनाशामक इंजेक्शन देत बसायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं.

आणि विदर्भ, नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं असतात, त्यांना दहा-बारा वर्षांच्या वयातही खडे होतात, रक्तपेशी सतत फुटत असल्यामुळे. अशा मुलाचं प्रत्येक पोटदुखणं सिकलसेलच्या खात्यावर टाकू नका, एक सोनोग्राफी करून घ्या.