ईजीआर व्हॉल्व्ह साफ केला, गाडीचा पिकअप परत आला

आपली डिझेल गाडी यवतेश्वर घाटात दम टाकायला लागली, मागनं काळा धूर आणि उभी केली की नुसती थरथर. साताऱ्यात एकजण म्हणला टर्बो गेला, मला काय पटेना. स्कॅनर लावला तर कोड पी०४०२, म्हणजे ईजीआरचा फ्लो जास्त.

आता हे ईजीआर, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, करतं काय, तर सायलेन्सरकडं जाणारा थोडा जळका गॅस परत इंजिनात पाठवतं, त्यात ऑक्सिजन कमी, त्यामुळं जळताना टेंपरेचर कमी राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू कमी बनतात. फुल लोडला व्हॉल्व्ह बंद पाहिजे, माझा काजळीनं उघडाच अडकलेला, मग चढाला ताजी हवा कुठनं मिळणार! काजळीत ब्रीदरमधली (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) ऑइलची वाफ मिसळली की तिथं डांबरच होतं बघा.

इंजिन गार झाल्यावर बॅटरीची वायर काढली, व्हॉल्व्ह खोलला, कार्ब क्लीनर मारून जुन्या टूथब्रशनं घासला. व्हॉल्व्हच्या इलेक्ट्रिक मोटरच्या बाजूला स्प्रे जाऊ देऊ नका. गॅस्केट नवीनच टाकलं, कोड क्लिअर केला, धूर गेला.

ईजीआर ब्लॉकच करून टाक म्हणणारे पण भेटले, ते काय केलं नाही, धूर दिसला नाही तरी नायट्रोजन ऑक्साइड वाढतातच की.