एथ्नोग्राफी लोकांपर्यंत पोहोचवायची आहे? मग या चुका टाळा

एथ्नोग्राफी म्हणजे लोकांमध्ये राहून केलेला त्यांच्या जगण्याचा अभ्यास आणि त्यावरचं लिखाण. वर्ष-दीड वर्ष लोकांमध्ये राहायचं, त्यांची भाषा शिकायची, वह्या भरभरून नोंदी करायच्या आणि शेवटी ते सगळं वाचणार कोण, तर त्याच विषयातली मोजकी मंडळी. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच चुका टाळता येतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘प्रकरण फार गुंतागुंतीचं आहे’ एवढंच सांगून थांबणं. समोरच्या आरोग्य अधिकाऱ्याला उद्या सकाळी नेमकं काय बदलायचं ते हवं असतं. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला हा मृतदेहाच्या स्पर्शानेही लागणारा जीवघेणा रोग पसरला. काही ठिकाणी लोक मृतदेह लपवून ठेवत, दफन पथकांना गावात येऊ देत नसत. बाहेरच्यांना ते अडाणीपण वाटलं. मानवशास्त्रज्ञांनी घरच्यांची बाजू उलगडून सांगितली: मृताला न धुता, प्रार्थना न करता पिशवीत घालून नेलं, तर त्यांच्या लेखी अंत्यविधी झालाच नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मानवशास्त्रज्ञ आणि धार्मिक संस्थांना सोबत घेऊन दफनाची नवी पद्धत आखली. मुस्लिम मृतासाठी पाण्याऐवजी कोरडी शुद्धी आणि कफन, आणि घरच्यांनी होकार दिल्याशिवाय दफन सुरूच करायचं नाही. ‘संस्कृतीचा आदर करा’ या मोघम सल्ल्याने हे झालं नसतं.

दुसरी चूक उशिराची. पुस्तक यायला वर्षं लागतात, निर्णय आठवड्यात होतो. चार पानांचं टिपण आधी द्या, पुस्तक मागून येऊ दे.

परिभाषेबद्दल फार सांगायला नको. जो शब्द ज्यांचा अभ्यास केला त्यांनाच कळत नाही, तो काढा.

ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांची ओळख लपवायला नाव बदललं की झालं, असं मात्र मुळीच समजू नका. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूज यांचं आयर्लंडमधल्या एका खेड्यावरचं पुस्तक 1979 मध्ये आलं. गावाला टोपणनाव दिलं होतं, तरी गावकऱ्यांनी स्वतःला ओळखलं आणि ते दुखावले. वीसेक वर्षांनी त्या परत गेल्या, तेव्हा त्यांना गाव सोडावं लागलं. शेजाऱ्याला माणूस ओळखायला नाव लागत नाही. भावाभावांतलं भांडण, घरातलं आजारपण, एक लकब पुरते. म्हणून छापण्याआधी मसुदा त्याच लोकांना, त्यांच्याच भाषेत वाचून दाखवा. कुठे ते हसतात, कुठे गप्प होतात, ते बघा. जिथे गप्प झाले, त्या परिच्छेदाबद्दल विचारा आणि मगच तो ठेवायचा की काढायचा ते ठरवा.