आईचं बीपी घरी मोजताय? आधी तिचा फोन बाजूला ठेवा
बावीस वर्षं झाली प्रॅक्टिसला, ओपीडीत दिवसभर लोकांचे दंड आवळतो, पण घरच्या माणसाचं बीपी कसं बघायचं हे कळायला आईला चक्कर यावी लागली.

झालं असं की संध्याकाळी दवाखान्यातून आलो की मी लगेच मशीन काढायचो, आई ओट्यापाशी उभी, कानाला फोन, पलीकडे मावशी, कुणाच्या तरी लग्नात मानपानावरून काय झालं ते चाललेलं, आणि मी ब्लाऊजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून बटण दाबायचो. वरचा आकडा १६८, १७२, एकदा तर १७६. आठवडाभर हे बघून एक गोळी वाढवली. चौथ्या दिवशी पहाटे बाथरूमला उठली नि डोळ्यापुढे अंधारी येऊन बेसिन धरून खालीच बसली. बघतो तर बसून ११२, उभं केलं तर ९० च्या आत. म्हणजे मी मावशीच्या फोनला गोळी दिली होती. पेशंटच्या नातेवाइकाने असं केलं असतं तर मी त्याला केवढा झापला असता!

तर आता आमच्याकडे कसं चालतं ते सांगतो. मशीन दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, आणि हो, मिश्री पण तंबाखूच आहे, आपल्याकडच्या बायका ती धरतच नाहीत. लघवीला जाऊन यायचं, मग पाठ टेकून खुर्चीत बसायचं, पाय जमिनीला, मांडी घालून नाही की पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत नाही. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, छातीच्या लेव्हलला. पाच मिनिटं नुसतं बसायचं. अवघड काम हेच आहे. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि तुम्ही पण तोंड बंद ठेवायचं, "काल पथ्य मोडलंस ना" हे तर अजिबात नाही.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी, असं सात दिवस. पहिल्या दिवशी दोन्ही हात बघा, ज्यात जास्त येतं तोच पुढे धरा. आकडे आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात लिहितात, दूधवाल्याच्या खाड्याशेजारी. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, घरी ती १३५/८५ च्या वर जात असेल तर कॅलेंडरचं ते पान घेऊन डॉक्टरकडे जा, गोळी आपल्या मनाने वाढवू नका. (मी डॉक्टर असून काय केलं ते वर वाचलंत.) वयस्कर माणसाचं उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पण बघा, वरचा आकडा २० ने घसरला तर तेही सांगा.

आकडा बघून "बाप रे" करू नका, पुढचा हमखास वाढतो. १८०/१२० च्या वर आलं तर पाच मिनिटांनी परत बघा, तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय किंवा एक बाजू लुळी पडतेय, तर परत मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणखी एक, आई भाजीत मीठ कमी घालते हो, पण जेवताना दोन पापड. पापडखार म्हणजे पण सोडियमच, मीठ वेगळंच. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तर तिच्या पर्समध्ये सापडल्या, त्यांनीही बीपी चढतं.

आता तिच्या गोळ्या माझा फिजिशियन मित्र बघतो. मी हजारदा सांगितलेलं तो एकदा बोलला की लगेच पटतं, पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं. मला पट्टा बांधायची तेवढी परवानगी आहे, परवा बांधता बांधता मी काहीतरी विचारलं तर डोळे न उघडताच म्हणाली, "मोजताना बोलायचं नसतं, डॉक्टरांनी सांगितलंय."