तान्ह्या बाळापासून आज्जीपर्यंत: न्यूरो तपासणी करताना या चुका टाळा

केसपेपरवर "सीएनएस - एनएडी" (म्हणजे मेंदू-नसांच्या तपासणीत काही दोष आढळला नाही) एवढंच लिहिलेलं दिसलं की माझं डोकं तापतं. काय बघितलं, बाळ झोपेत होतं का रडत होतं, आजोबांना उठवून चालवलं का, काहीच कळत नाही. मिरज-सांगलीत दवाखाने भरपूर, पार कर्नाटकातनं पेशंट येतात, दरवर्षी नवे इंटर्न आणि रेसिडेंट येतात आणि चुका मात्र त्याच. म्हणून लिहून काढतोय. वय बदललं की तपासणीचा क्रम बदलतो आणि नॉर्मल कशाला म्हणायचं तेही बदलतं, एवढं डोक्यात बसलं तरी अर्ध्या चुका थांबतील.

पोराला आधी रडवणं

दोन वर्षाचं पोरगं आईच्या मांडीवर शांत बसलेलं असतं आणि आमचे डॉक्टर दारातनं आत आले की थेट टॉर्च डोळ्यात, मग हातोडी गुडघ्यावर. पोरगं भोकाड पसरतं आणि तपासणी तिथंच संपते, कारण रडणाऱ्या पोराचा टोन (स्नायूंचा ताण) कळत नाही, रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावर आपोआप येणारा झटका) धड मिळत नाहीत, आणि मग लिहायचं "कोऑपरेटिव्ह नाही". अहो दोन वर्षाचं पोरगं कोऑपरेट करणारच नाही, ते त्याचं काम नाही, तुमचं आहे.

माझी सवय अशी की पहिली काही मिनिटं मी पोराकडं बघतच नाही, आईशी बोलत बसतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातनं त्याच्यावर लक्ष ठेवतो. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवायचा. कुठल्या हातानं घेतो, दुसरा हात मुठीतच राहतोय का, नजर दोन्हीकडं फिरते का, हसताना तोंड एकीकडं ओढलं जातं का, सगळं हात न लावता दिसतं. मग बाबाला सांगायचं दाराशी उभं राहून हाक मारा, पळत जाताना चाल बघून घ्यायची. हातोडी त्यानंतर, तीही आधी आईच्या गुडघ्यावर मारून दाखवायची. टॉर्च, डोळ्याचा पडदा, घसा हे सगळ्यात शेवटी.

"आमचा बाळ्या डावरा आहे" असं आई कौतुकानं सांगते आणि बाळ असतं नऊ महिन्यांचं, तेव्हा हसून सोडून देऊ नका. वर्षाच्या आत पोरगं एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हातात कमजोरी आहे का ते बघायचं.

तसंच पोटऱ्यांचं. चार-पाच वर्षाचा मुलगा, "पोटऱ्या बघा कशा भरल्यात" म्हणून आजोबा खूश, पण पोरगं जिना चढताना मागं राहतं. त्याला जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. मांड्यांवर हात टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठत असेल तर ती गॉवर्स साइन, ड्यूशेनचा (स्नायू झिजण्याच्या आजाराचा) विचार त्याच दिवशी करायचा आणि सीपीके ही रक्ततपासणी पाठवायची. पोरगं कॉटवरच बसलेलं असेल तर हे जन्मात दिसणार नाही.

तान्ह्या बाळाला मोठ्याचे नियम लावणं

तळपायावर ओढल्यावर अंगठा वर गेला की "बॅबिन्स्की पॉझिटिव्ह" लिहून मोकळे. बॅबिन्स्कीनं हे १८९६ साली मांडलं ते खरं, पण साधारण वर्षापर्यंत बाळाचा अंगठा वर जाणं नॉर्मलच असतं. तिथं बघायचं ते दोन्हीकडं सारखं आहे का. मोरो रिफ्लेक्सचंही तेच, म्हणजे डोकं एकदम मागं गेलं की बाळ दचकून दोन्ही हात पसरतं ते. तो चार ते सहा महिन्यात जायला हवा, त्यानंतर राहिला तर काळजी, आणि असतानाच एक हात उघडला न् दुसरा नाही तर खांद्याची नस ओढली गेलीय का, कॉलरबोन मोडलंय का ते बघा. उलट पॅराशूट (बाळाला एकदम पुढं झुकवलं की ते हात पुढं करतं) आठ-नऊ महिन्यांत यायला लागतो आणि पुढं राहतो, तो कुणी बघतच नाही.

टोन बघताना बाळाचं डोकं मधोमध ठेवा. डोकं एका बाजूला वळलेलं असलं की त्या बाजूचे हातपाय आपोआप ताठतात आणि तुम्ही एका बाजूची स्पॅस्टिसिटी (ताठरपणा) लिहून बसता. दूध पिऊन पेंगलेलं बाळही तपासू नका आणि भुकेनं किंचाळणारंही नको, दोन्ही वेळा फसाल. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून धरायचं, नाहीतर दोन महिने आधी झालेल्या चांगल्या बाळाला तुम्ही मंद ठरवाल आणि ती आई वर्षभर झोपणार नाही. डोक्याचा घेर टेपनं मोजा, अंदाजानं नाही. डोकं मोठं वाटलं तर आईबापाचंही मोजा, बऱ्याचदा घराण्याचंच डोकं मोठं असतं.

डोळे मिटलेत म्हणजे बेशुद्ध

यावर मी जास्त लिहिणार, कारण यात जीव जातो.

जतच्या बाजूचं दहा-अकरा वर्षाचं पोरगं, पावसाळ्याचे दिवस, वस्तीवर जमिनीवर झोपलेलं. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलं, उलटी झाली, घरच्यांनी ओवा-मीठ दिलं. सकाळी डोळे उघडेनात, बोलणं अडखळायला लागलं, मग हातपाय गळाले. ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथं जीसीएस (शुद्धीचे मार्क) ३ म्हणजे सगळ्यात कमी, प्युपिल (डोळ्यातल्या बाहुल्या) मोठे, लाइटला हलत नाहीत, असं लिहून मेंदूत काहीतरी मोठं झालंय, आशा नाही, असं घरच्यांना सांगून टाकलं. श्वासाला पिशवी लावून आमच्याकडं आणलं.

जीसीएस १९७४ साली ग्लासगोत आला तो डोक्याला मार लागलेल्या, बेशुद्ध पेशंटसाठी. पापणी उचलणारा स्नायूच लुळा पडलाय, घसा लुळा, हातपाय लुळे, त्याला तुम्ही डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे मार्क देताय! शून्य शक्ती आणि बेशुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "बाळा, ऐकू येतंय का, येत असलं तर माझं बोट दाब." दाबलं. अगदी हलकं, पण दोनदा सांगितलं तर दोनदा दाबलं. मण्यार चावलेली. मण्यारीच्या दाताची खूण बऱ्याचदा दिसतच नाही, सूज नाही, दुखत नाही, आणि प्युपिलसुद्धा मोठे होऊन थिजू शकतात. अँटीव्हेनम दिलं, व्हेंटिलेटरवर ठेवलं, काही दिवसांनी पोरगं चालत घरी गेलं. नळी काढल्यावर पहिल्यांदा म्हणालं ते, "मामा रडत होता, मला ऐकू येत होतं."

त्यामुळं शिराळ्यापासून आटपाडीपर्यंत कुठंही काम करत असाल तर पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या की आधी साप. पेशंटला वर बघत राहायला सांगा, पापणी हळूहळू खाली येते का बघा. झोपलेल्या अवस्थेत मान उचलायला सांगा. एका श्वासात आकडे मोजायला लावा आणि ते अर्ध्या-अर्ध्या तासानं पुन्हा मोजा, आकडा कमी होत गेला की नळी टाकायची तयारी ठेवा. आणि बेशुद्ध वाटणाऱ्या पेशंटच्या उशाशी "आता काही खरं नाही" असलं बोलणं बंद करा.

"वयच झालंय" म्हणणं

तासगावकडचे एक आजोबा, द्राक्षबागेत आयुष्य गेलेलं, शुगर आहे. हातापायाला मुंग्या, चाल अडखळती. कुणी म्हणालं वय, कुणी शुगरची नस, कुणी थेट कंबरेचा एमआरआय काढायला पाठवलं, त्यात या वयात असतात तसले बदल निघाले, कंबरेला पट्टा आला. इतक्या जणांकडं जाऊन कुणीही त्यांना खोलीभर चालवलं नव्हतं, धोतर वर घेऊन मांड्या बघितल्या नव्हत्या. मी विचारलं, "आजोबा, सदऱ्याची बटणं लावता येतात का?" तर सून म्हणाली, "मीच लावते, बऱ्याच दिवसांपासनं." गुडघ्याचे रिफ्लेक्स उसळत होते, पायाचे अंगठे वर. शुगरच्या नसेनं रिफ्लेक्स मंदावतात, उसळत नाहीत. दुखणं मानेत होतं, मणक्यात मज्जारज्जू दाबलेला. ऑपरेशननं वाढायचं थांबलं, पण बोटांची गेलेली ताकद काही पूर्ण परत आली नाही. हातोडीनं पाच मिनिटात कळलं असतं की फोटो मानेचा काढायचाय. तपासल्याशिवाय एमआरआय काढायची घाई करणाऱ्यांना मी हे दरवेळी सांगतो.

वयानं काय होतं आणि काय होत नाही ते नीट ठेवा. म्हातारपणी घोट्याचा रिफ्लेक्स दोन्हीकडं न मिळणं, पायाच्या अंगठ्याला १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचं कंपन कमी कळणं, वर बघायला जरा कमी जाणं, हे चालतं. अंगठा वर जाणं कुठल्याच म्हातारपणात नॉर्मल नाही. एकाच बाजूचं काहीही वयानं होत नाही.

प्रश्नही घरगुती विचारा. चप्पल पायातनं निसटते का, आणि निसटल्यावर कळतं का? निसटते पण कळतं तर ताकद कमी, निसटलेली कळतच नाही तर संवेदना. उकिडवं बसून उठता येतं का. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का. भाकरी मोडता येते का.

स्मरणशक्तीसाठी शाळा न शिकलेल्या आज्जीला "शंभरातून सात वजा करत जा" म्हणू नका. शंभरची नोट दिली, पस्तीसची भाजी घेतली, किती परत आले, हे विचारा. तारखेऐवजी बेंदूर झाला का, बाजार कुठल्या वारी, हे विचारा. आणि कालपर्यंत सुनेला स्वयंपाक सांगणारी आज्जी आज भलतंच बरळतेय तर ते विसराळूपण नाही. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम, नवीन गोळ्या बघा, आणि महिन्या-दोन महिन्यापूर्वी न्हाणीत पाय घसरला होता का हेही विचारा, डोक्यात हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं.

बाकीच्या चुका

रॉम्बर्ग पॉझिटिव्ह (पाय जुळवून उभं असताना डोळे मिटले की तोल जाणं) म्हणजे लहान मेंदूत दोष, असं नाही. डोळे उघडे असतानाच उभं राहता येत नसेल तर ती टेस्टच होत नाही.

"सैल सोडा, सैल सोडा" ओरडलं की आजोबा अजून ताठ होतात. उसाचा भाव विचारा आणि बोलता बोलता हात फिरवा.

रिफ्लेक्स नाही असं लिहिण्याआधी बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावा, मग हातोडी मारा.

चेहरा वाकडा असेल तर कपाळाला आठ्या घालायला लावा. कपाळ शाबूत तर दोष मेंदूत, कपाळही गेलं तर चेहऱ्याच्या नसेत.

दहावी-बारावीच्या पोरीचे पाय गळाले की "परीक्षेचं टेन्शन, नाटक करतेय" म्हणण्याआधी रिफ्लेक्स बघा. रिफ्लेक्स गेलेत तर ते गिया-बारे (नसांचा आजार, त्यात अंग लुळं पडत जातं) असू शकतं आणि ते छातीपर्यंत चढू शकतं.

पॉवर एकाच बाजूची बघून लिहू नका. डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात पुढं धरायला लावा, खाली येणारा हात आतल्या बाजूला वळत असेल तर बारीक कमजोरीही पकडली जाते.

आणि केसपेपरवर वेळ लिहा, पेशंट जागा होता का झोपेत तेही लिहा. रात्री ड्युटीवर येणाऱ्याला सकाळच्याशी तुलना करायची असते, "एनएडी"शी कशाची तुलना करणार तो.