दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका: या चुका टाळा

नाशिकमध्ये सर्जनच्या ओपीडीत परिचारिका म्हणून काम करताना एक वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते: "सिस्टर, गाठ जुनी आहे, पण दुखत नाही." न दुखणे म्हणजे निर्धोक असणे, हा समज सर्वांत घातक आहे. स्नायू आणि चरबीत होणारा सार्कोमा हा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि स्तनातील कर्करोगाची गाठही बहुतेक वेळा दुखत नाही. त्वचेखालची मऊ, बोटाखालून निसटणारी, वर्षानुवर्षे तेवढीच राहिलेली गाठ बहुतांशी चरबीची असते हे खरे. परंतु ते एकदा डॉक्टरांच्या हाताने ठरले पाहिजे.

माझे मामा दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. मांडीवरची सुपारीएवढी गाठ त्यांनी चार वर्षे सांभाळली; खरड छाटणी उरकू दे, गोडी छाटणी होऊ दे, माल उतरू दे, असे चालले होते. ती मोसंबीएवढी झाल्यावर मात्र त्यांना एकदम घाई सुटली आणि एका छोट्या दवाखान्यात, ना सोनोग्राफी ना बायोप्सी (सुईने गाठीचा छोटा तुकडा घेऊन तपासणे), अर्ध्या तासात ती काढून झाली. काढलेली गाठ पॅथॉलॉजीकडे न जाता कचऱ्यात गेली. आठ महिन्यांत त्याच व्रणाखाली पुन्हा गाठ आली. एमआरआय आणि बायोप्सीनंतर सार्कोमा निघाला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत मांडीचा बराच स्नायू गेला, पुढे रेडिएशनही घ्यावे लागले. "आजच काढून टाका" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, वाढू लागली असेल, कडक किंवा खोलवर असेल, काढल्यावर परत आली असेल, तर थांबू नका. स्तनातील वा अंडकोषातील गाठ लगेच दाखवा. मानेची तीन आठवड्यांत जिरली नाही तर तीही.

बिब्बा लावू नका, कातडी भाजते.

सुई लावली की कर्करोग पसरतो, या भीतीने बायोप्सी टाळू नका.

डॉक्टरांनी "नुसते लक्ष ठेवा" सांगितले, तर मी दर महिन्याच्या एक तारखेला शिंप्याच्या टेपने गाठ मोजून कालनिर्णयवर लिहायला लावते, कारण रोज चाचपणाऱ्याला वाढ कळत नाही. गाठ काढलीच, तर तिचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा. ती परत आल्यास पुढचे डॉक्टर आधी तोच विचारतात, आणि मामांकडे दाखवायला काहीच नव्हते.