मेपल सिरपच्या ओट्स कुकीज: गोव्याच्या दमट हवेत या चुका टाळा

मेपल सिरप घातलेल्या ओट्स कुकीजची कृती आपल्या हातात पडते ती बहुधा कॅनडा-अमेरिकेतल्या घरांतून. तिथे 'खोलीच्या तापमानाचं बटर' म्हणजे २०-२१ अंशांचं बटर. फोंड्याला किंवा म्हापशाला मे महिन्यातल्या दुपारी ओट्यावर ठेवलेलं बटर थोड्याच वेळात कडेने वितळायला लागतं. पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की चकलीचा डबा चुकून उघडा राहिला तर चकली संध्याकाळपर्यंत सादळते. मग कृतीत लिहिलंय तसंच सगळं केलं तरी कुकी लिबलिबीत होते, केकासारखी फुगते नाहीतर ट्रेभर पसरते. यात करणाऱ्याच्या हाताचा दोष क्वचितच असतो. बहुतेक चुका एकाच ठिकाणी येऊन थांबतात, ते म्हणजे पाणी. सिरपमधलं पाणी, अंड्यातलं पाणी, हवेतलं पाणी. त्याचा हिशेब एकदा जमला की बाकीचं सोपं आहे.

आधी प्रमाण सांगते, म्हणजे पुढे बोलायला बरं पडेल. १३५ ग्रॅम जाड ओट्स, १०० ग्रॅम मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक, १०० ग्रॅम बटर, १०५ ग्रॅम मेपल सिरप, एका अंड्याचा फक्त बलक, पाव टीस्पून बेकिंग सोडा आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात १४ ते १६ कुकीज होतात. नेहमीचं पिवळं खारं बटर असेल तर मीठ वगळा. सोमवार, श्रावण किंवा घरात अंडं चालत नसेल तर बलकाऐवजी एक टेबलस्पून दूध घाला, त्याहून जास्त नको.

सिरप साखरेसारखं मोजणं

सर्वांत जास्त घडणारी चूक हीच. कृतीत एक कप साखर असेल तर लोक एक कप सिरप ओततात. मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला पाक. साधारण ४० लिटर रसाचं १ लिटर सिरप होतं. इतकं आटवूनही त्यात जवळजवळ एक तृतीयांश पाणी राहतंच, कारण चांगल्या सिरपमध्ये साखरेचा अंश ६६ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. म्हणून एक कप साखरेच्या जागी पाऊण कप सिरप घ्यायचं आणि कृतीतलं बाकीचं द्रव तीन टेबलस्पूनने कमी करायचं. पाऊण कप सिरपबरोबर सुमारे ८० ग्रॅम पाणी पिठात जातं. ते कुठेतरी वळतं केलं नाही तर मैदा ते पिऊन घेतो, चिवट होतो आणि कुकीचा केक होतो.

मी अंड्याचा पांढरा भाग गाळते तो याचसाठी. पांढऱ्यात ९० टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं, बलकात त्याच्या निम्म्याच्या थोडं वर. पांढरा काढला की सिरपला जागा मिळते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट करावी, आणि तिच्यासाठी काढलेला वेळ फुकट जात नाही. सिरप थोडं आटवून घ्यायचं. उंच काठाचं जाड बुडाचं पातेलं घ्या, कारण सिरप उकळताना दुधासारखं भसकन वर येतं. आधी रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. त्यात २१० ग्रॅम सिरप मंद आचेवर ठेवा आणि मधून मधून पातेल्यासकट काट्यावर ठेवून बघा. गरम पातेल्याखाली दुमडलेलं फडकं घालाल तर त्याचंही वजन आधी धरा. सिरप १८० ग्रॅमवर आलं की गॅस बंद. यातलं निम्मं एका घाण्याला पुरतं, उरलेलं पुढच्या वेळी. याहून जास्त आटवू नका, नाहीतर गार झाल्यावर त्यात साखरेची कणी धरते. आणि पूर्ण निवल्याशिवाय बटरमध्ये घालू नका.

वाटीने मोजण्याबद्दलही सांगायला हवं. परदेशी कृतीतला कप २४० मिलीचा. आपल्या घरातली वाटी कुणाची १२० मिलीची, कुणाची १८० ची, आजीच्या वेळची असेल तर काहीही. सिरप पाण्यापेक्षा जड असतं, एक कप सिरप सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यामुळे मापाचा गोंधळ अजून वाढतो. एक साधा वजनकाटा घ्या, रोजच्या स्वयंपाकातही उपयोगी पडतो.

लेबल न वाचता बाटली आणणं

पणजी, म्हापसा, मडगावच्या मोठ्या दुकानांत एकाच फळीवर दोन प्रकारच्या बाटल्या असतात. एकीवर 'मेपल सिरप', दुसरीवर 'मेपल फ्लेवर' किंवा 'पॅनकेक सिरप'. दुसरी स्वस्त असते आणि तिच्यात मक्याचं सिरप किंवा साखरेचा पाक, रंग आणि वास. बाटली उलटी करून घटक वाचा. खऱ्या सिरपच्या घटकांत एकच नाव असतं. भाजताना नकली बाटलीचा वास विरून जातो आणि उरतो तो नुसता गोडवा. त्यापेक्षा काकवी घालून केलेली कुकी मला कितीतरी बरी वाटते. तिला मेपलची कुकी म्हणू नये इतकंच. काकवी थोडी आंबट असते, तेव्हा त्या कुकीत सोडा विसरू नका.

खऱ्या सिरपमध्येही रंगाचे प्रकार असतात. फिकट सोनेरी सिरप खायला नाजूक लागतं, पण ओट्स आणि बटरच्या सोबतीत त्याची चव दबते. भाजण्यासाठी गडद रंगाचं घ्या. आणि इतकं महाग सिरप घालून वर चमचाभर दालचिनी, व्हॅनिला, जायफळ घालू नका. मग जिभेला मेपल लागतच नाही आणि पैसे वाया जातात. दालचिनी चिमूटभर पुरे.

बाटली उघडली की ती फ्रीजमध्येच ठेवायची. बाहेर ठेवली तर आपल्या हवेत सिरपवर बुरशी यायला वेळ लागत नाही.

ओट्सकडे दुर्लक्ष

'मसाला ओट्स घेतले तर चालतील का?' असं खरोखर विचारणारे भेटतात. नाही चालणार. झटपट शिजणारे बारीक ओट्स चालतात, पण ते पिठासारखे विरघळतात आणि कुकी मऊसूत होते. दाताखाली काहीतरी यायला हवं असेल तर मोठ्या चपट्या पाकळ्यांचे ओट्स घ्या. कापलेले दाण्यासारखे ओट्स इथे उपयोगाचे नाहीत. एवढ्या थोड्या वेळात ते शिजत नाहीत, कच्चे लागतात.

आता मुख्य गोष्ट. जून ते सप्टेंबर या दिवसांत उघडं पाकीट ओलावा ओढतं. आधी पाकिटाच्या कोपऱ्यांत जाळी धरली आहे का बघा, मग मूठभर ओट्स नाकाजवळ न्या. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर ते टाका, कितीही मेपल घातलं तरी तो वास जात नाही. ठीक असतील तर कोरड्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं परता. सुरुवातीला हाताला जड, गप्प लागतात. ओलावा गेला की उलथन्याखाली कोरडी सळसळ ऐकू येते आणि सुक्या मेव्यासारखा खमंग वास सुटतो. तिथे थांबा, ताटात पसरून पूर्ण गार करा. रव्याच्या लाडवासाठी रवा भाजताना आपण जी काळजी घेतो तीच इथे हवी.

बटर, सिरप आणि फाटलेलं मिश्रण

बटर फ्रीजमधून काढून तुकडे करा आणि आपल्याकडे पंधरा-वीस मिनिटंच बाहेर ठेवा. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बटर चमकायला लागलं तर ते जास्त मऊ झालं. परत दहा मिनिटं आत ठेवा.

साखरेच्या कुकीत बटर-साखर खूप फेटतात, कारण साखरेचे कण बटरमध्ये हवेला जागा करतात. सिरपमध्ये कण नसतात, म्हणून पाच-सात मिनिटं फेटून काहीच साधत नाही, उलट बटर वितळतं. आधी नुसतं बटर मिनिटभर फेटा, मग सिरप धारेने थोडं थोडं घाला. सिरप फ्रीजमधून थेट ओतलं तर बटर आखडतं आणि मिश्रण फाटल्यासारखं, बारीक दाणे आलेलं दिसतं. घाबरू नका, एक चमचा मैदा घालून फेटा, मिळून येतं. त्यानंतर बलक (किंवा दूध), मैदा, सोडा, मीठ, ओट्स घालून हाताने किंवा उलथन्याने फक्त एकत्र करा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही.

मग येतो तो भाग जो जवळजवळ सगळेच टाळतात. मिश्रण झाकून फ्रीजमध्ये किमान पाऊण तास ठेवा. एवढ्या वेळात ओट्स सुटं पाणी पिऊन घेतात आणि बटर घट्ट होतं. ठेवताना चिकट वाटणारं मिश्रण बाहेर काढल्यावर हाताला न चिकटता वळता येतं. 'पातळ वाटतंय' म्हणून मुठी मुठीने मैदा वाढवण्याआधी हा पाऊण तास द्या. मैदा वाढवला की कुकी कोरडी आणि ठोसर होते, आणि ती पुन्हा सुधारता येत नाही.

'ताई, माझ्या कुकीज पसरल्याच नाहीत, गोळ्याचे गोळेच राहिले,' ही तक्रारही नेहमीची. सिरपच्या कुकीज साखरेच्या कुकीजइतक्या पसरतच नाहीत. गोळा ट्रेवर ठेवून ओल्या बोटांनी साधारण एक सेंटिमीटर जाडीचा दाबा. दाबाल त्याच आकारात ती भाजली जाईल. याउलट कुकीज पसरून एकमेकींना चिकटत असतील तर बटर वितळलं होतं किंवा पहिल्या घाण्याच्या गरम ट्रेवर दुसरे गोळे ठेवले होते. ट्रे नळाखाली धरून गार करा आणि कोरडा पुसा.

ओल्या नारळाचा मोह आपल्याला पटकन होतो. बोलिन्यांत, म्हणजे गोव्याच्या रवा-नारळाच्या बिस्किटांत, रवा तो ओलावा सांभाळतो, इथे ते जमत नाही. नारळ हवाच असेल तर सुकं खोबरं. काजूचे तुकडे मात्र जरूर घाला, आधी हलके भाजून. मनुका भिजवल्या असतील तर फडक्यावर पूर्ण टिपून घ्या.

ओव्हनमध्ये

मेपल सिरप भाजताना लवकर रंग धरतं, म्हणून साखरेच्या कृतीत १७५ अंश लिहिले असतील तर १६० ठेवा. ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) असेल तर खालचा आणि वरचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या फळीवर, आणि ओव्हन आधी चांगली पंधरा मिनिटं तापवलेला. घरातल्या ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत मोठा फरक असू शकतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर फार महाग नसतो, तो घ्या. काळ्या ट्रेत बूड लवकर करपतं, त्यावर बटर पेपर घाला.

कुकी झाली का हे रंगावरून ओळखू नका. हे मिश्रण कच्चं असतानाच तपकिरी असतं. 'सोनेरी होईपर्यंत' हे वाक्य इथे फसवतं. तेराव्या मिनिटाला दार उघडून बघा. कड बोटाला घट्ट लागते, मधला भाग अजून मऊ आहे, पण वरची ओली चमक गेली आहे, असं दिसलं की बाहेर काढा. चमक असेल तर आणखी दोन मिनिटं. बाहेर काढल्यावर ती मोडेल इतकी मऊ असते, म्हणून सात-आठ मिनिटं ट्रेवरच राहू द्या. तिथे ती आणखी थोडी भाजते आणि घट्ट होते. मग जाळीवर काढा.

ही कुकी नानखटाईसारखी खुसखुशीत होणार नाही, हे आधीच मान्य करावं. हिची गंमत कडेला कुरकुरीत आणि आत चिवट-मऊ असण्यात आहे. पूर्ण कुरकुरीत हवी असेल तर सिरपचं प्रमाण निम्मं करा, तेवढ्या गोडव्यासाठी ३५-४० ग्रॅम साखर घाला, गोळा पातळ दाबा आणि १५० अंशांवर वीस-बावीस मिनिटं भाजा. मेपलची चव अर्थातच कमी होईल.

डब्यात भरताना

कोमट कुकी डब्यात गेली की तिचीच वाफ तिला ओली करते. पण पावसात जाळीवर दोन-तीन तास उघड्याही ठेवू नका, तोवर त्या हवेतलं पाणी ओढतात. पाऊण तासात पूर्ण गार होतात, लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. चवथीच्या दिवसांत डबे कमी पडतात म्हणून कुकीज आणि चकल्या एकत्र भरल्या जातात. तसं केलं तर कुकीतला ओलावा चकलीत जातो आणि दोन्ही बिघडतात. सादळलेल्या कुकीज १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार केल्या की कडा पुन्हा कुरकुरीत होतात.

भाजायच्या वेळेलाच लाईट जाणं हे पावसाळ्यात घडतंच. ओव्हन तापला नसेल तर गोळे मुकाट्याने फ्रीजमध्ये परत ठेवा, उद्या भाजले तर चव उलट वाढते. कुकीज अर्ध्या भाजलेल्या असतील तर दार उघडू नका. आतल्या उष्णतेवर बऱ्याचदा त्या हळूहळू भाजून निघतात. थोड्या कच्च्या राहिल्या तर लाईट आल्यावर पुन्हा तापवलेल्या ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं द्या. मी पावसाळ्यात दुप्पट मिश्रण करते आणि निम्मे गोळे दाबून, ताटावर सुटे गोठवून, पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकते. हवे तेव्हा सहा काढायचे आणि गोठलेलेच भाजायचे, फक्त वेळ दोन-तीन मिनिटांनी वाढवायचा.