साहेबांनी गोल्फला बोलावलंय? आधी मैदान समजून घ्या

जपानात आल्यावर सहा-आठ महिन्यांत एखाद्या शुक्रवारी बुचो, म्हणजे विभागप्रमुख, सहज विचारतात, "गोल्फ खेळता का?" हो म्हणा, पण सराव करून जा. पहिला सराव तोक्योजवळच्या अराकावा नदीच्या पात्रातल्या मैदानांवर करा. ती सपाट असतात आणि खिशाला परवडतात.

खरी मैदानं डोंगरात. सपाट जमीन भातशेतीने आणि घरांनी व्यापलेली, मग गोल्फला उरले उतार. देशातलं पहिलं मैदानही कोबेजवळच्या रोक्को डोंगरावरच. आर्थर ग्रूम या इंग्रज व्यापाऱ्याने १९०३ साली तिथे क्लब काढला. त्यामुळे चेंडू एक पाय वर, एक खाली ठेवून मारायची तयारी हवी. दोन्ही बाजूंना झाडी आणि पांढरे खुंट, त्यापलीकडे गेलात की चेंडू बाद. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी पुढच्या पिवळ्या टीवरून, म्हणजे फटका मारायच्या ठरलेल्या जागेवरून, खेळायला लावतात आणि तो तुमचा चौथा फटका धरतात. याला 'माएयोन' म्हणतात. लाजू नका, बुचोही तिथूनच मारतात.

आता गंमत ग्रीनची, म्हणजे भोकाभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीची. अनेक जुन्या मैदानांवर एका होलला शेजारीशेजारी दोन ग्रीन दिसतील. बेंट गवत थंडीचं, इथल्या दमट उन्हाळ्यात कुजतं. कोराई हे दुसरं गवत उन्हाळ्यात तगतं, पण थंडीत पिवळं पडतं. म्हणून दोन्ही लावली आणि ऋतूप्रमाणे भोकातला झेंडा या ग्रीनवरून त्या ग्रीनवर नेला. पहिल्या खेपेला माझा चेंडू झकास ग्रीनवर पडला, मी हात वर केले, आणि सोबतच्या मदतनीस कॅडीबाई नम्रपणे म्हणाल्या, "आज डावीकडचं ग्रीन आहे." वापरात नसलेल्या ग्रीनवरून चेंडू मारता येत नाही, बाहेर नेऊन खाली सोडावा लागतो. दंड नाही, पण चेहरा पडतो. कोराईची पाती ताठ असतात, ग्रीनवरचा हलका फटका, म्हणजे पट, जरा जोरात मारा.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खोल दिसले तर समजा चार्ल्स अ‍ॅलिसनचा वारसा. गोल्फ मैदानं आखणारा हा इंग्रज वास्तुकार १९३० च्या अखेरीस आला. हिरोनोचं मैदान त्याचंच, आणि तोक्योजवळच्या कासुमिगासेकीच्या मैदानातही त्याने बदल सुचवले. आपली गोल्फपटू अदिती अशोक २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये चौथी आली ती तिथेच. त्या स्पर्धेआधी तिथली दोन ग्रीन काढून एकेक केली होती.

नऊ होलनंतर तासाभराची जेवणाची सुट्टी असते. शाकाहारी असाल तर सावध: सोबा नूडल्स दिसायला निरुपद्रवी, पण रश्श्यात सुकवलेला मासा असतो. मी भात, लोणचं आणि तोफू मागतो. क्लबहाउसमध्ये जॅकेट घालूनच शिरा. शेवटी सगळ्यांबरोबर गरम पाण्याच्या हौदात अंघोळ, तीही कपडे न घालता. अंगावर टॅटू असेल तर आधीच विचारा.

गोल्फच्या काठ्यांची पिशवी कुरिअरने दोन दिवस आधी पाठवा. पहाटेच्या गाडीत ती सांभाळत उभं राहायचं बळ मला तरी उरलेलं नाही.